जोड बघून कुस्ती : कोवळ्या खेळाडूंच्या मनाची घडण

ताण, चूक, दुखापत किंवा पराभव यांचा तडाखा बसल्यावरही लक्ष हातातील कामावर टिकवणे आणि ते ढळलेच तर लवकरात लवकर परत आणणे, या क्षमतेला क्रीडामानसशास्त्रात मानसिक कणखरपणा म्हटले जाते. २००२ मध्ये ब्रिटनमधील ग्रॅहॅम जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय दर्जाच्या दहा खेळाडूंच्या मुलाखतींतून या क्षमतेचे घटक शोधले, तेव्हा खेळाडूंनी सर्वांत वरचे स्थान दिले ते आपण हे साधू शकतो या अढळ विश्वासाला; वेदना सोसण्याची ताकद त्या यादीत होती, पण ती पुष्कळ खाली होती. त्याच वर्षी पीटर क्लफ आणि सहकाऱ्यांनी कणखरपणाचे चार पैलू सांगितले : परिस्थितीवर व भावनांवर ताबा, घेतलेल्या कामाशी बांधिलकी, अडचणीकडे संधी म्हणून पाहण्याची वृत्ती आणि आत्मविश्वास. या चारांपैकी एकही पैलू माणूस जन्मतः पूर्णपणे घेऊन येत नाही, तो अनुभवाने वाढतो किंवा खुरटतो, ही गोष्ट वाढत्या वयातील खेळाडूंच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे.

कोल्हापुरात मात्र कणखरपणा हा मातीचा गुण मानण्याची प्रथा आहे. पंचगंगेचे पाणी, म्हशीचे धारोष्ण दूध आणि अंगातली रग यांतून पैलवान आपोआप घडतो, असे अभिमानाने सांगितले जाते, आणि त्याला जोडूनच वस्तादाचा धाक, शिव्या आणि प्रसंगी फटके यांमुळे पोर टणक होते अशीही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या दोन्ही समजुतींमुळे तालमीच्या परंपरेतील खरोखर मोलाचा भाग नजरेआड झाला आहे, कारण मोतीबाग, गंगावेस किंवा शाहूपुरी यांसारख्या तालमींनी जे मल्ल दिले ते केवळ धाकातून आलेले नाहीत. त्यांच्यामागे अडचण मोजून-मापून देण्याची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीचे नाव तालमीच्या भाषेत अगदी साधे आहे : जोड.

जोड म्हणजे वजन, ताकद, वय आणि डावांची जाण या बाबतींत एकमेकांना साजेशी ठरणारी दोन पैलवानांची जोडी. नवशिक्या पोराला आखाड्यात पहिल्याच दिवशी कसलेल्या मल्लाशी भिडवले जात नाही. आधी जोर, बैठका आणि हौद्यातील माती खणण्याची मेहनत, मग बरोबरीच्या पोरांशी लढत, आणि नंतर वरचढ पैलवानाशी लढत, पण तीही अशी की मोठा मल्ल आपली ताकद आवरून धरतो, लहानग्याला डाव टाकण्यापुरती जागा देतो आणि पकड चुकली की लगेच खाली घेतो. कोणत्या पोराला कोणाशी कधी लढवायचे हे ठरवण्यातच वस्तादाची खरी विद्या असते. जोड फार सोपी निघाली तर पोर सैलावते आणि फार अवघड निघाली तर त्याची उमेद खचते. मैदानातील कुस्त्यांचा क्रमही याच हिशेबाने लागतो. जत्रेच्या किंवा उरुसाच्या फडात सुरुवातीला रेवड्यांवर लागणाऱ्या लहान पोरांच्या कुस्त्या होतात, मग इनामाची रक्कम वाढत जाते आणि शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती लागते. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुलाला हलगीचा कडकडाट, चहूबाजूंची गर्दी आणि सर्वांदेखत चितपट होण्याची लाज यांचा अनुभव येतो, पण पणाला लागलेली असते ती फक्त मूठभर रेवडी. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१२ मध्ये खुले झालेले खासबाग मैदान ज्याने लहानपणी असे आतून पाहिले, त्याला तेच मैदान विशीत परके वाटत नाही.

मानसशास्त्रात या तत्त्वाला ताणाची लस म्हणतात. कॅनेडियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड माइकेनबाउम यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या या उपचारपद्धतीचा गाभा असा की, माणसाला आधी ताणाचे स्वरूप समजावून द्यावे, मग तो हाताळण्याची कौशल्ये शिकवावीत आणि नंतर सौम्य ते तीव्र अशा चढत्या मात्रेत प्रत्यक्ष ताणाला सामोरे न्यावे. ताणाची मात्रा चुकली तर फायद्याऐवजी अपायच होतो. ॲल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली आत्मक्षमतेची संकल्पना, म्हणजे ‘हे विशिष्ट काम मला जमेल’ हा ठाम अंदाज, याच दिशेने बोट दाखवते : हा अंदाज घडवणारे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे कष्टाने मिळवलेले स्वतःचे यश, त्याखालोखाल आपल्यासारख्याच कोणाला तरी यशस्वी होताना पाहणे, तोंडी प्रोत्साहनाचा क्रमांक त्यानंतर लागतो. एकाच तालमीत लहान-मोठे सारे एकत्र राहत, रांधत आणि लढत असल्यामुळे पहिली दोन साधने तेथे रोजच्या रोज मिळतात. कोल्हापुरातील फुटबॉल संघ आजही पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशी नावे मिरवतात, त्यामागे पेठांचा अभिमान आहेच. पण मोठ्यांचा खेळ पाहत वाढण्याची ही सवयही त्यातून टिकली आहे.

पराभवाकडे माहिती म्हणून पाहण्याचा कोल्हापूरच्या क्रीडा इतिहासातील सर्वांत मोठा धडा खाशाबा जाधव यांचा आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले तेव्हा त्यांची सारी जडणघडण मातीवरची होती, तर तेथे गादी होती आणि आंतरराष्ट्रीय नियम वेगळे होते. फ्लायवेट गटात ते सहावे आले. एखाद्या गर्विष्ठ मल्लाने गादीला दोष देऊन घर गाठले असते. खाशाबांनी मात्र पुढची चार वर्षे बदललेल्या नियमांना सामोरे जाण्याची तयारी केली आणि वरच्या, म्हणजे बँटमवेट गटात उतरण्याचे ठरवले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. तेथे मिळालेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, आणि दुसरे वैयक्तिक पदक येण्यासाठी १९९६ साल उजाडावे लागले. या कथेत खाशाबांची जिद्द नेहमीच सांगितली जाते, पण त्या जिद्दीमागे उभा असलेला, हरलेल्या विद्यार्थ्यावर घर गहाण ठेवण्याइतका विश्वास टाकणारा प्राचार्य हा कणखरपणाच्या चर्चेत तितकाच महत्त्वाचा आहे. एखादा विश्वासू प्रौढ पाठीशी असणे हे संकटातून सावरणाऱ्या मुलांच्या बाबतीत बालविकासाच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलेले कारण आहे.

ताणात नेमके बिघडते काय, हे समजल्याशिवाय सरावाची दिशा ठरत नाही. धोक्याची चाहूल लागताच शरीरात ॲड्रिनलिन पाझरते, नाडी वाढते, श्वास उथळ होतो, स्नायू आखडतात आणि लक्षाचा झोत अरुंद होतो. ही उत्तेजना थोडी असेल तर कामगिरी सुधारते आणि प्रमाणाबाहेर गेली तर ढासळते, असा निष्कर्ष रॉबर्ट यर्कस आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून काढला होता. खेळाडूंना तो ढोबळमानाने लागू पडतो, पण प्रत्येक खेळाची आणि प्रत्येक खेळाडूची इष्ट पातळी वेगळी असते. शड्डू ठोकून अंग तापवणारा मल्ल आणि हृदयाच्या दोन ठोक्यांमधील स्थिर क्षण शोधणारा नेमबाज यांना एकच मंत्र देऊन चालत नाही. दुसरा बिघाड अधिक सूक्ष्म आहे. वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेली हालचाल मेंदू जाणीवपूर्वक विचार न करता घडवतो, परंतु ‘आता चुकायचे नाही’ या दडपणाखाली खेळाडू त्याच हालचालीच्या एकेका टप्प्यावर पहारा ठेवू लागतो आणि तिची लय मोडते. सायन बिलॉक आणि टॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फच्या पटिंगवरील प्रयोगांतून हा परिणाम दाखवला. म्हणूनच मैदानाबाहेरून येणारी ‘हात नीट ठेव, पाय बघ’ ही ऐनवेळची आरोळी कसलेल्या खेळाडूला बहुधा मदतीपेक्षा अडथळाच ठरते.

गेल्या दोन दशकांत कोल्हापूरने कुस्तीइतकेच नाव नेमबाजीत कमावले, आणि मनाच्या घडणीचा अभ्यास करायला याहून चांगला खेळ सापडणे कठीण, कारण येथे प्रतिस्पर्धी स्पर्शसुद्धा करत नाही. जे काही बिघडते ते स्वतःच्या आत. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत आघाडीवर असताना उभ्याने नेम धरण्याच्या टप्प्यात एक गोळी सातच्या वर्तुळात गेली आणि तो चौथा आला. दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो गुडघ्यावरील नेमानंतर सहाव्या आणि झोपून केलेल्या नेमानंतर पाचव्या स्थानावर होता. हांगझोऊत ज्या उभ्या स्थितीने दगा दिला होता त्याच स्थितीत तो वर सरकत गेला आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदकाचा मानकरी ठरला. हा चमत्कार एका रात्रीत घडलेल्या मनोनिग्रहाचा नव्हता. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण योजनेत, त्याने शाळकरी वयात रायफल हाती घेतली होती, आणि टोकियो ऑलिंपिकची संधी हुकल्यानंतरही रेल्वेची नोकरी सांभाळून, दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचा सराव चालू राहिला होता.

नेमबाज अशा वेळी ज्या साधनाचा आधार घेतात त्याला ते रूटीन म्हणतात : प्रत्येक गोळीपूर्वी त्याच क्रमाने केलेल्या त्याच कृती, उदाहरणार्थ पायांची ठेवण तपासणे, गालाचा रायफलीला स्पर्श, दोन ठरावीक श्वास, नजर स्थिर करणे, ट्रिगरवर दाब. या क्रमाचा उपयोग असा की, मागच्या गोळीचा पश्चात्ताप आणि पुढच्या पदकाची स्वप्ने या दोन्हींना शिरायला जागा उरत नाही. वाईट गोळीनंतरचेही रूटीन असते, आणि कोवळ्या खेळाडूंना ते आवर्जून शिकवावे लागते : रायफल खाली घ्यायची, चुकीचे कारण एका वाक्यात स्वतःला सांगायचे, श्वास सोडायचा आणि क्रम पहिल्यापासून सुरू करायचा. कोल्हापूरचीच राही सरनोबत २०१८ च्या जाकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात थायलंडच्या प्रतिस्पर्ध्यासह ३४ गुणांवर बरोबरीत राहिली. पहिल्या शूट-ऑफमध्येही, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा फेरीतही, दोघी बरोबर राहिल्या आणि दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राहीने सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली, आणि त्याआधी कोपराच्या दुखापतीने तिला दीर्घकाळ स्पर्धांपासून दूर ठेवले होते. तेजस्विनी सावंत हिची गोष्ट धीराची आहे : २०१० मध्ये म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळवणारी ही नेमबाज ऑलिंपिकच्या मैदानात प्रथम उतरली ती २०२१ मध्ये टोकियोत, वयाच्या चाळिशीत.

शांत सरावगृहात उत्तम नेम साधणारा मुलगा स्पर्धेत का गडबडतो, याचे एक सरळ उत्तर असे की त्याने ताणात नेम धरण्याचा सराव कधी केलेलाच नसतो. नेदरलँड्समधील राऊल आउडेयान्स यांनी पोलिसांवर केलेल्या प्रयोगात एका गटाला स्थिर पुठ्ठ्यांवर आणि दुसऱ्या गटाला रंगीत साबणाच्या गोळ्यांनी उलट मारा करणाऱ्या माणसांवर नेम धरण्याचा सराव दिला. नंतर प्रत्यक्ष दडपणाखाली चाचणी घेतली तेव्हा पहिल्या गटाची अचूकता घसरली आणि दुसऱ्याची टिकली. शालेय वयातील खेळाडूंसाठी साबणाच्या गोळ्यांची गरज नाही. मित्रांसमोर एकच गोळी, एकच पेनल्टी किक किंवा शेवटच्या अर्ध्या मिनिटाची लढत, आणि हरणाऱ्याने सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून आणायच्या, एवढे किरकोळ दडपणही आठवड्यातून एक-दोनदा पुरते. रेवडीवरच्या कुस्तीत नेमके हेच साधले जात होते.

आता धाकाचा प्रश्न. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी १९७० च्या दशकापासून मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचे निरीक्षण केले आणि त्यांना एक छोटे प्रशिक्षण दिले : चांगल्या प्रयत्नाची दखल घ्या, चुकीनंतर आधी धीर द्या आणि मग दुरुस्ती नेमकी सांगा, अपमान व शिक्षा टाळा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात असे दिसले की, प्रशिक्षण घेतलेल्या प्रशिक्षकांकडे खेळणाऱ्या मुलांपैकी पुढच्या हंगामात सुमारे ५ टक्क्यांनी खेळ सोडला, तर इतर प्रशिक्षकांकडे खेळणाऱ्या मुलांपैकी सुमारे २६ टक्क्यांनी. सामने जिंकण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. म्हणजे ओरडण्याने विजय वाढले नाहीत, मुले मात्र गेली. अपमानाला सरावलेला मुलगा चूक झाल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे न पाहता कडेला उभ्या असलेल्या वस्तादाच्या चेहऱ्याकडे पाहतो, आणि तेवढ्यात समोरच्याचा डाव लागलेला असतो. शिस्त आणि कडक मेहनत यांना हा आक्षेप नाही, किंबहुना पहाटे चारला उठण्याचा तालमीचा नेम हा बांधिलकीचा उत्तम सराव आहे. आक्षेप आहे तो चुकीची लाज वाटायला लावण्यावर, कारण लाजेपायी मूल अवघड डाव टाकून पाहणेच थांबवते.

कौतुकाचेही तसेच आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत ज्या मुलांच्या हुशारीची स्तुती झाली ती अवघड कोड्यांत अपयश आल्यावर लवकर हिरमुसली, तर ज्यांच्या मेहनतीची स्तुती झाली ती अधिक वेळ झुंजली. बारा-तेरा वर्षांच्या पोराला ‘जन्मजात पैलवान’ म्हणून खांद्यावर घेणाऱ्या गावाने हे लक्षात घ्यायला हवे, विशेषतः ज्याचे शरीर समवयस्कांपेक्षा लवकर भरले आहे त्याच्या बाबतीत. तो आज ताकदीवर जिंकतो, पण दोन-तीन वर्षांत बाकीची पोरेही भरतात आणि तेव्हा डावही नसतात आणि हार पचवण्याची सवयही नसते. त्यातच भावना व बक्षीस यांना प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग किशोरवयात लवकर विकसित होतात, तर आवर घालणारा आणि पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो, म्हणून सोळाव्या वर्षी पराभवानंतर ढसाढसा रडणारा मुलगा दुबळा असतो असे नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण हा ग्रामीण कुटुंबांना मोठा आधार आहे, परंतु त्यामुळे एका राज्यस्तरीय पदकावर अख्ख्या घराचे भवितव्य टांगले जाते, आणि ते ओझे लढतीच्या आदल्या रात्री जेवताना मुलाच्या कानावर घालण्याने काहीच साधत नाही.

कणखरपणाच्या नावाखाली शरीराचा बळी देण्याची सवय सर्वांत घातक आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अवघ्या सहा आठवड्यांत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर खालच्या वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून, रबरी कपडे घालून घाम काढताना मरण पावले, आणि त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेला वजनाचे नियम बदलावे लागले. तिघेही तरुण ‘सोसण्यात’ कोणाला हार जाणारे नव्हते. वजन तोडणे, दुखावलेल्या गुडघ्यावर पट्टी बांधून उतरणे, डोक्याला मार लागल्यावरही मैदान न सोडणे या गोष्टींना मैदानात टाळ्या मिळतात, पण वेदना आणि इजा यांतील फरक ओळखून थांबण्याचा निर्णय घेणे ही ताबा या पैलूचीच कसोटी आहे. टोकियोत २०२१ मध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने हवेत असताना शरीराची दिशा कळेनाशी झाल्यावर स्पर्धांतून माघार घेतली तेव्हा तिच्यावर टीका झाली. त्याच ऑलिंपिकमध्ये तिने बॅलन्स बीमवर कांस्य मिळवले आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली. झोप उडणे, आवडत्या सरावाचाही कंटाळा, सततचा थकवा आणि चिडचिड अशी लक्षणे काही आठवडे टिकली तर ती आळसाची नसून मानसिक थकव्याची असू शकतात, आणि तेथे जादा बैठका काढून घेण्यापेक्षा विश्रांती व गरज पडल्यास समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांची मदत उपयोगी पडते.

कणखरपणा मोजणाऱ्या प्रश्नावल्या अलीकडे सहज मिळतात आणि काही अकादमी निवडीसाठी त्या वापरण्याच्या मोहात पडतात. प्रौढ खेळाडूंच्या संशोधनासाठी बनलेली ही साधने तेरा वर्षांच्या मुलाची निवड करताना वापरणे चुकीचे आहे, कारण एक तर हा गुण अजून घडत असतो, आणि दुसरे म्हणजे कोणते उत्तर साहेबांना आवडेल हे मुलांना पक्के कळते. त्यापेक्षा प्रशिक्षकाने एक साधी वही ठेवावी : वाईट गोळीनंतर पुढच्या गोळीला किती वेळ लागला, हरलेल्या लढतीनंतर मुलगा दुसऱ्या दिवशी सरावाला कसा आला, कोणत्या जोडीशी तो डाव टाकायला धजला आणि कोणाशी नुसता बचाव करत राहिला. सहा महिन्यांच्या अशा नोंदींवरून पुढची जोड कोणती लावायची ते ठरवता येते.